चार हातांची चूल

ज्या आठवड्यात आमच्या मंडळाने आमच्या घराला 'आदर्श एकत्र कुटुंब' हा पुरस्कार द्यायचं ठरवलं, त्याच आठवड्यात माझ्या सासूबाईंनी वेगळी चूल मागितली. मी हौशी नाटकांतून बरीच कामं केली आहेत आणि रंगमंचावर नेमकं कधी यायचं हे मला थोडंफार कळतं. इतका बिनचूक प्रवेश मला आजवर एकदाही जमलेला नाही.

मंडळाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. नॉटिंगहॅमच्या आमच्या बाजूचं हे मराठी मंडळ आधीच्या एका मंडळातून फुटून निघालं आहे. आरतीच्या वेळी माइक कुणी धरायचा यावरून ते फुटलं. ज्यांनी माइक धरला ते तिकडे राहिले आणि ज्यांना धरायचा होता ते सगळे इकडे आले, त्यामुळे इकडे माइक सोडून कुणी खाली बसत नाही. एकत्र राहणाऱ्या कुटुंबांचा जाहीर सत्कार करावा, ही कल्पना अशाच मंडळाला सुचू शकते.

आमच्या घरात आम्ही चौघं. सासूबाई, मी, माझा नवरा आणि इथेच जन्मलेली, इथल्याच हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट असलेली आमची मुलगी. 'तीन पिढ्या एका छपराखाली' हे वाक्य नवरा आल्या-गेल्याला ऐकवतो. ऐकवताना तो वर बघतो, जणू छप्पर त्याने स्वतः धरून ठेवलं आहे. मुलगी मग मध्येच सांगते की ती इथे राहते कारण बाहेर भाडं परवडत नाही. पाहुणे हसतात. नवरा हसत नाही.

तर रविवार होता. मी आठवड्याचा स्वयंपाक करून डबे भरत होते. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवायची माझी पद्धत आहे: सोमवार उसळ, मंगळवार कोबी. सासूबाई ते दृश्य तुरुंगातल्या कैद्याने भिंत बघावी तसं बघत होत्या.

"मला गॅरेजमध्ये एक शेगडी लावून द्या," त्या म्हणाल्या.

"तिथे गारठा असतो," नवरा म्हणाला. "हात शेकायचे तर हीटर आणतो ना."

"हात नाही शेकायचे. स्वयंपाक करायचाय."

"इथे आहे की सगळं. हॉब आहे, ओव्हन आहे, एअर फ्रायर आहे."

"आहे ना. तिचं आहे."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. फुटलेल्या फुलदाणीजवळ उभ्या असलेल्या मुलाकडे बघतात तसं.

"तुमच्यात काही झालंय का?"

"काही झालेलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "होऊ नये म्हणून मागते."

मुलगी फोनमधून वर आली. "बाबा, व्हॉट्स द प्रॉब्लेम? आजीला तिचा किचन पाहिजे."

"तिचं," सासूबाई म्हणाल्या. "किचन ते असतं."

"ओके, तिचं. देऊन टाका ना."

"लोक काय म्हणतील?" नवरा म्हणाला. "दिवाळीला पुरस्कार घेतला आणि नाताळापर्यंत आईला गॅरेजमध्ये टाकलं?" आणि विषय संपला, असं त्याला वाटलं.

लोक काय म्हणतील हे मला तर नक्की माहीत होतं. सुनेने वेगळी चूल मांडली की दोष सुनेचा, आणि सासूने मांडली तरीही दोष सुनेचाच. आता मला स्वतःला वेगळी चूल हवी होती का? कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर मी खालच्या मानेने 'नको' म्हटलं असतं आणि वरच्या बेडरूममध्ये जाऊन, दार लावून, दोन फेर फुगडी घातली असती. पण एकटीने.

सासूबाईंची बाजूही खरी होती. माझा हॉब इंडक्शनचा. त्यावरून तवा उचलला की तो किंचाळतो. ज्वाळाच नाही, त्यामुळे फुलका फुगायचा कसा? फोडणीत मोहरी तडतडली की छतावरचा स्मोक अलार्म ओरडतो आणि मग आम्हा दोघींपैकी एकीला टी-टॉवेल घेऊन त्याला वारा घालावा लागतो, देवाला चवरी ढाळावी तसा. त्यात मी सूचना करते. तेल जरा कमी घाला, मीठ आधी नको. मी सूचना करते हे मला त्यांनी सांगितल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी घरात दोघीच असताना त्यांनी मला एवढंच म्हटलं, "लग्न झालं तेव्हा मिरजेला सासूच्या चुलीवर उभी राहिले. त्या नव्वदी ओलांडून गेल्या. मग इकडे आले, ते तुझ्या चुलीवर. मधली माझी कुठली, ते सांग."

मी कोथिंबीर डब्यात भरत होते. ती मी बराच वेळ भरत राहिले.

त्यानंतर सासूबाईंच्या छातीत जड वाटायला लागलं. जीपीने तपासलं, रक्त काढलं, सगळं ठीक निघालं. इथले डॉक्टर हल्ली अशा वेळी औषधाऐवजी माणसं लिहून देतात, म्हणजे कुठल्या तरी वर्गात किंवा मेळाव्यात जा म्हणतात. आम्हाला तीन पर्याय मिळाले: खुर्चीवरचा योग, बिंगो आणि चिनी अक्षरलेखन. योग एक गोरी बाई शिकवते म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या, "श्वास कसा घ्यायचा ते मी तिच्याकडून शिकू?" बिंगोला त्यांनी जुगार ठरवलं. अशा रीतीने, केवळ उरलं म्हणून, आम्ही दर गुरुवारी ट्रामने बीस्टनच्या लायब्ररीत चिनी अक्षरं काढायला जाऊ लागलो. सोबत म्हणून मी, आणि दुभाषी म्हणूनही मीच.

वर्ग घेणाऱ्या बाई चीनमधल्या युनान प्रांताच्या. युनिव्हर्सिटीत संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, केस तलवारीने कापल्यासारखे सरळ. स्तुती करायची नाही हा त्यांचा नियम होता. कुणी बरं लिहिलं की त्या पुढे निघून जायच्या, कुणी वाईट लिहिलं की तिथे उभ्या राहायच्या. माझ्याजवळ त्या बराच वेळ उभ्या असायच्या. सासूबाईंना मात्र हे काम पहिल्या दिवसापासून जमलं. रांगोळी काढलेला हात होता. रेघ कुठे जाड करायची, कुठे उचलायची, हे त्या हाताला सांगावं लागलं नाही.

तिसऱ्या की चौथ्या गुरुवारी बाईंनी विचारलं की कुणाला काही खास अक्षर हवं आहे का. एका गृहस्थाने 'शांती' मागितलं, दुसऱ्याने 'प्रेम'. सासूबाईंनी मला कोपर मारलं. "चूल आहे का विचार."

मी विचारलं. बाई थांबल्या. मग त्यांनी टेबलावर एक मोठा कागद अंथरला आणि एक अक्षर काढायला घेतलं. ते संपेचना. एकावर एक मजले चढवत जावं तसं ते खाली खाली उतरत गेलं. 爨. उच्चार साधारण 'त्स्वान' असा.

"हे आता कुणाला लिहिता येत नाही," बाई म्हणाल्या. "चीनमध्येसुद्धा नाही. तीस रेघा आहेत. स्वयंपाकाला सोपे शब्द मिळाले, लोकांनी ते घेतले. मला येतं कारण आमच्या प्रांतात या आडनावाचं एक जुनं घराणं होतं. त्यांचे दगडी लेख आहेत. अक्षर शिकणारी माणसं त्या लेखांवरून हात फिरवायला येतात."

मग त्यांनी ब्रशच्या टोकाने मजले दाखवले. सर्वांत वर दोन हात, डावा आणि उजवा. त्या हातांनी धरलेलं वाफेचं भांडं. त्याखाली आडवी रेघ, ती चुलीचं तोंड. त्याखाली शेजारी शेजारी दोन झाडं, म्हणजे जळण. अगदी तळाला आग. "आणि मधे हे होते आणखी दोन हात, लाकडं आत सारणारे. पण लिहून लिहून ते झिजले. आता ते 'मोठा' या अक्षरासारखे दिसतात. मूळ पाहिलं तर हातच."

मी भाषांतर केलं. सासूबाई कागदावर वाकल्या.

"चार हात?"

"हो म्हणतात."

"मग बायका किती? विचार."

मी विचारलं. बाई म्हणाल्या, "हे चित्र आहे, जनगणना नाही." मग संख्याशास्त्र जागं झालं असावं. त्यांनी पुन्हा पाहिलं आणि म्हणाल्या, "दोन असणार."

"दोनच," सासूबाई म्हणाल्या. "वरची भांडं धरते, खालची जाळ घालते. वरची सासू, खालची सून. आणि झिजले ते खालच्या बाईचे ना? मग ते माझे."

"तुमचे कसे?" मी म्हटलं. "आता सून मी आहे. माझे."

"तुझे कुठे झिजलेत? तू बटणं दाबतेस."

आमचं काय चाललंय असं बाईंनी विचारलं. मी सांगितलं. त्या वर्गात मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. "मीसुद्धा खालचीच होते," त्या म्हणाल्या. "फार वर्षं."

मी ते मराठीत सांगितलं. सासूबाईंनी मान हलवली आणि समजून घेतल्यासारखं म्हणाल्या, "म्हणूनच हे अक्षर दुर्मिळ झालं."

खरा घोटाळा पुढच्या गुरुवारी झाला. हे अक्षर आता कुठे वापरात आहे का, असं सासूबाईंनी विचारलं आणि बाईंनी सांगितलं की जुन्या घरगुती कागदांत ते सापडतं. भाऊ-भाऊ वेगळे झाले की 'घर वाटलं' किंवा 'शेत वाटलं' असं लिहीत नसत, 'चूल वाटली' असं लिहीत. एका छपराखाली राहिलात तरी चुली दोन असल्या की कुटुंबं दोन. वेगवेगळ्या घरांत राहिलात आणि चूल एकच असली, तर कुटुंब एक. या अक्षरावर 'सारखी' हे अक्षर लिहिलं की एकत्र कुटुंब, आणि 'वाटणे' हे लिहिलं की वेगळं कुटुंब.

सासूबाईंनी ब्रश खाली ठेवला. "आमच्यातही अगदी हेच म्हणतात," त्या मला म्हणाल्या. "तिला सांग, आम्हीही चूलच वेगळी करतो." मी सांगितलं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, जत्रेत हरवलेल्या बहिणी सापडाव्यात तशा.

"मग भांडणं किती व्हायची?" सासूबाईंनी विचारलं.

"व्हायची तिथे व्हायची. पण माझ्या आजोळी रीत होती," बाई म्हणाल्या. "नवी चूल पेटवायची ती जुन्या चुलीतला विस्तव नेऊन. आईचा भाऊ साक्षीला बसायचा. जेवण व्हायचं. मग आपापल्या घरी."

सासूबाईंनी ट्राममध्ये सबंध वाटेत काचेवरच्या वाफेत बोटाने ते अक्षर गिरवलं. उतरताना एवढंच म्हणाल्या, "भांडून नाही. विस्तव घेऊन."

त्या दिवसापासून आमच्या घरात येणाऱ्या प्रत्येक फुकट वर्तमानपत्रावर, पिझ्झाच्या जाहिरातींवर, कचऱ्याचे डबे कधी नेणार ते सांगणाऱ्या कौन्सिलच्या पत्रकावर ते चार हातांचं अक्षर उमटू लागलं. वर कधी 'सारखी', कधी 'वाटणे'. दोन्ही. 'वाटणे' फार सोपं असतं. खाली सुरी आणि वर दोन बाजूंना गेलेले दोन तुकडे. 'सारखी' त्याहून थोडं किचकट. सासूबाईंना दोन्ही सारखंच छान यायला लागलं, आणि त्यांच्या मनात काय आहे हे वर्तमानपत्रावरून मला काही केल्या कळेना.

नवऱ्याला मात्र सगळं कळलं. एका सकाळी चहा घेताना त्याने ते अक्षर पाहिलं.

"आई, काय सुंदर आलंय. याचा अर्थ काय?"

"चूल," सासूबाई म्हणाल्या.

"घरची चूल?"

"हो. घरची."

नवऱ्याचा चेहरा उजळला. एक चूल, एक कुटुंब. त्याला पुरस्काराच्या भाषणासाठी नेमकं हेच हवं होतं. त्याने तिथल्या तिथे मंडळाच्या सेक्रेटरींना फोन लावला. सेक्रेटरी आणखीच खूश झाले, कारण दिवाळीच्या कार्यक्रमाला स्थानिक कौन्सिलर येणार होते आणि कौन्सिलला सांस्कृतिक देवाणघेवाण फार आवडते. "चिनी बाईंनाही बोलवा," ते म्हणाले. "तुमच्या आई स्टेजवर लाइव्ह लिहितील, त्या बाई समजावतील. फोटो छान येतील."

नवऱ्याने फोन ठेवला आणि मला विचारलं, "कशी आहे आयडिया?"

"अप्रतिम," मी म्हटलं. हे मी मनापासून म्हटलं.

या सुमाराला बाईंनी मला त्या अक्षराची आणखी एक गोष्ट सांगितली. शेकडो वर्षांपूर्वी याच अक्षराचा अर्थ छोटा विनोदी खेळ असाही होता, आपल्याकडच्या फार्ससारखा. म्हणे युनानकडचे लोक रंगीत कपडे घालून, तोंडं रंगवून बादशहाच्या दरबारात आले, आणि दरबारातल्या नटांनी त्यांची नक्कल करून सगळ्यांना हसवलं. त्या लोकांचं नावच मग त्या खेळाला पडलं. "आमच्यावर हसले," बाई म्हणाल्या, गेल्या आठवड्यात घडल्यासारख्या. मी मात्र त्या अक्षराकडे बघत राहिले. चूल आणि फार्स एकाच अक्षरात. ज्याने हे केलं त्याने आमचं घर पाहिलेलं असणार.

कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी सासूबाई माझ्या खोलीत आल्या. हातात इस्त्री केलेलं नऊवार होतं. एवढं नेसायचं म्हणजे काहीतरी ठरलं होतं.

"वर काय लिहू?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या खरंच विचारत होत्या. मुलगा स्टेजवर उभा असणार, सगळं गाव समोर बसलेलं असणार, आणि त्याच्या मानेवर सुरी ठेवायची का नाही, हे त्यांचं ठरत नव्हतं.

"तुम्हाला चूल हवी आहे का?" मी विचारलं.

"हवी आहे."

"मग मला कशाला विचारता? या वेळी सूचना नाही करायची असं मी ठरवलंय."

त्या जाताना दारात थांबल्या. "हे आधी ठरवलं असतंस तर," म्हणाल्या, आणि वाक्य तिथेच ठेवून गेल्या.

कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये होता. पहिल्या रांगेत नेहमीप्रमाणे सगळ्या घरांतल्या सासवा, शाली पांघरून. मागे आम्ही सुना. त्याही मागे नवरे, फोनवर क्रिकेट बघत. कौन्सिलर वेळेवर आले, त्यामुळे त्यांना बराच वेळ एकट्याने हसत बसावं लागलं.

नवऱ्याचं भाषण छान झालं, हे मान्य करायला हवं. तीन पिढ्या आल्या, छप्पर आलं, त्याने वर बघितलं. "आणि आता माझी आई," तो म्हणाला, "एका प्राचीन चिनी अक्षरात आपल्या घराचं सार लिहून दाखवणार आहे." ट्रॉफी तोपर्यंत त्याच्या हातात आली होती.

टेबलावर कागद अंथरलेला होता. सासूबाईंनी पदर खोचला, ब्रश बुडवला आणि लिहू लागल्या. वरचे हात, भांडं, चुलीचं तोंड, झाडं, झिजलेले हात, आग. एकदाही थांबल्या नाहीत. कागदाच्या वरच्या अर्ध्या भागात जागा मोकळी सोडली होती. बाईंनी माइकवर इंग्रजीत सगळे मजले समजावून सांगितले. चार हात म्हटल्यावर पहिल्या रांगेत खसखस पिकली.

"वर जागा आहे अजून," नवरा म्हणाला. त्याने फोनवर कुठूनतरी शिकून घेतलं होतं की चिनी भाषेत 'एक' म्हणजे एक आडवी रेघ. "आई, वर 'एक' लिही. एक चूल."

सासूबाईंनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी खांदे किंचित उचलले. मग सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी हॉलच्या घड्याळाकडे बघायला लागले. रंगमंचावर दुसऱ्याचं वाक्य चालू असताना आपण काही करायचं नसतं.

त्यांनी ब्रश पुन्हा बुडवला. दोन बाजूंना गेलेले दोन तुकडे. खाली सुरी.

बाई माइकजवळ गेल्या. कागदावर जे लिहिलेलं होतं तेच त्यांनी वाचलं, कारण आकडे असोत की अक्षरं, त्या खोटं बोलत नसत. "चूल वाटली," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "एक कुटुंब होतं, आता दोन. हे रागाने करत नाहीत. चांगलं जेवण करतात आणि जुन्या चुलीतला विस्तव घेऊन जातात."

कौन्सिलर तेवढे उठून टाळ्या वाजवू लागले. "हाउ लव्हली," ते म्हणाले. त्यांना तो आशीर्वाद वाटला होता.

आणि मग पहिल्या रांगेतून टाळी आली. एका शालीतून, मग दुसऱ्या शालीतून, मग सबंध रांगेतून. आम्ही सुना एकमेकींकडे बघायला लागलो. वाजवाव्यात तर कुणाच्या घरात काय वाचलं जाईल सांगता येत नव्हतं. मी वाजवल्या. माझं काय उरलं होतं?

सासूबाईंनी माइक हातात घेतला. त्या मंडळात माइक घेतलेल्या माणसाने इतक्या लवकर परत दिल्याचं मी पुढे कधी पाहिलेलं नाही. "मुलगा चांगला आहे," त्या म्हणाल्या. "सून चांगली आहे. स्वयंपाक ठीक आहे." हॉल हसला. "मला माझी चूल हवी आहे. गॅरेजमध्ये जागा आहे. बक्षीस परत घ्यायचं असेल तर घ्या."

सेक्रेटरी घाईघाईने पुढे आले. "परत कसं घेणार," ते म्हणाले, "आडनाव कोरून झालंय."

गाडी नवरा चालवत होता. ट्रॉफी मुलीच्या मांडीवर होती. मग सिग्नलला त्याने मला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"मला कुठे चिनी येतं?" मी म्हटलं.

"पण मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं."

"सांगितलं होतं," मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या. "त्या रविवारी. मराठीत."

सिग्नल हिरवा झाला तरी तो थोडा वेळ तिथेच थांबला. मागच्या गाडीने हॉर्न दिला नाही. इथे देत नाहीत.

नंतरच्या आठवड्यांत मला फोन आले, पण वाटलं होतं तसे नाहीत. कुणाला आमचं गॅरेज किती लांब-रुंद आहे ते हवं होतं, कुणाला तिथे पाण्याचा नळ घेता येतो का ते. विचारणाऱ्या बायका पहिल्या रांगेतल्या होत्या. काही दुसऱ्या रांगेतल्याही होत्या, त्या हळू आवाजात विचारत. नवऱ्याने मात्र, एकदा ठरलं म्हटल्यावर, कामात काही कमी ठेवलं नाही. भिंतींना आतून अस्तर लावलं, सिंक बसवलं, परवानाधारक माणूस बोलावून गॅस घेतला. दोन बर्नर, खऱ्या ज्वाळेचे. कोपऱ्यात त्याने स्वतःहून एक शेल्फ केलं. ट्रॉफी आता त्या शेल्फवर आहे आणि सासूबाई तिच्यात पळ्या ठेवतात.

चूल पेटवायच्या दिवशी बाई साक्षीला आल्या. आईचा भाऊ, म्हणजे नवऱ्याचा मामा, हयात नव्हता, त्यांनी ती जागा घेतली. सासूबाई माझ्या स्वयंपाकघरात आल्या आणि म्हणाल्या, "विस्तव दे."

मी हॉबकडे पाहिलं. तो काळा, गुळगुळीत, थंडगार होता.

"तुझ्या घरात विस्तवच नाही?" त्या म्हणाल्या. इतकी वर्षं मी ऐकून घेत आलेली सगळी टीका एका बाजूला आणि हे एक वाक्य एका बाजूला.

मेणबत्त्यांचा लायटर शोधला, तो संपलेला. मुलगी म्हणाली, "गूगल करू का, हाऊ टू मूव्ह अ फायर?" शेवटी नवऱ्याने तोडगा काढला. तो इंजिनिअर आहे. "उष्णता ती उष्णता," तो म्हणाला. "इथे पाणी उकळा आणि ते तिकडे न्या." बाईंनी डोळे मिटून विचार केला आणि मान्य केलं.

बाहेर बारीक पाऊस होता. मी दोन्ही हातांनी उकळत्या पाण्याचं पातेलं धरून अंगण ओलांडलं, नवरा पातेल्यावर छत्री धरून बाजूने चालला, माझ्या डोक्यावर ती येत नव्हती. शेजारचा इंग्रज खिडकीतून बघत होता. त्याने हात हलवला. हात मोकळा नसल्याने मी फक्त मान डोलावली.

सासूबाईंनी काडी ओढून बर्नर लावला, त्यावर ते पातेलं ठेवलं आणि त्याच पाण्याचा आम्हाला चहा केला. आलं भरपूर, साखर भरपूर. चहा झाल्यावर त्या म्हणाल्या, "चला. मला जेवणाचं बघायचंय," आणि आम्हाला आमच्या घरी पाठवून दिलं.

पंधरवडा मी माझ्या स्वयंपाकघरात राणीसारखी वावरले. मग एके दिवशी मोठं जांभळं वांगं मिळालं, आणि ते ओव्हनमध्ये भाजलं की भरीत कसं लागतं हे मला माहीत होतं. मी ते वांगं पदराआड धरावं तसं कोटात घालून अंगण ओलांडलं आणि दार वाजवलं.

त्या रेडिओ ऐकत होत्या. वांग्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तेल लावलंस का?"

"नाही. थोडंच लावायचं असतं ना, म्हणजे मी म्हणते..."

त्यांनी भुवई उचलली. मी थांबले. मी देठ धरून वांगं ज्वाळेवर फिरवत राहिले आणि त्या खाली वाकून जाळ कमी-जास्त करत राहिल्या. साल तडकलं, वास सुटला, अलार्म कुठेच नव्हता. भरीत झाल्यावर त्यांनी त्यातलं अर्धं माझ्या डब्यात घातलं, झाकणावर चिठ्ठी चिकटवली आणि बॉलपेनने काहीतरी लिहून डबा माझ्या हातात दिला. बघितलं तर दिवस होता: बुधवार, भरीत.

मी निघाले तेव्हा त्या दारापर्यंत आल्या.

"ये कधीही," म्हणाल्या. "फक्त येण्याआधी मेसेज टाकत जा."